आकडा पडद्यावर, दोष कपलरात

शाओमीच्या उभ्यानं चालवायच्या एम३६५ स्कूटरनं २१ हा एरर कोड दिला, तर कंट्रोलरला बॅटरीकडून उत्तर येत नाही असं समजायचं. बाफांगची मोटर बसवलेल्या विजेच्या सायकलीवर हाच २१ दिसला, तर बॅटरीचा काही संबंध नाही. तिथे वेग मोजणारा सेन्सर बघायचा. मोटरमधल्या हॉल सेन्सरची तक्रार पहिलीवर १८ म्हणून येते, दुसरीवर ८ म्हणून. आपल्याकडच्या नोंदणीकृत ई-स्कूटरींची तर आणखी निराळी तऱ्हा. काही आकडा दाखवतात, काही नुसता कासवाचा नाहीतर पान्याचा दिवा लावून गप्प बसतात, आणि खरा कोड उमटतो तो कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधल्या लॅपटॉपवर. याच्या शेजारी पेट्रोल गाडीचा पी०३०१ हा कोड ठेवून बघा. तो नाशिकच्या टॅक्सीवर आला काय आणि शिकागोतल्या फोर्डवर आला काय, अर्थ एकच: पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर. बाजारात मिळणारं साधं स्कॅनर जोडून कुणीही गॅरेजवाला तो वाचू शकतो. ई-स्कूटरच्या दुरुस्तीचा आज जो खोळंबा होतो, त्याचं मूळ विजेच्या गाडीच्या किचकटपणात कमी आणि या आकड्यांना घातलेल्या कुलपात जास्त आहे, असं माझं म्हणणं आहे. त्यासाठी आधी हा आकडा नेमकं काय सांगतो, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे काय सांगत नाही, ते बघावं लागेल.

कंट्रोलरला डोळे नसतात. त्याच्याकडे काही वायरी येतात, त्यांवरचा व्होल्टेज आणि करंट तो मोजतो, आणि ठरवून दिलेल्या मर्यादेबाहेर काही गेलं की कोड नोंदवतो. म्हणजे कोड ही फिर्याद झाली, निकाल नव्हे. फिर्यादीत नाव असलेलाच दोषी निघेल याची खात्री नसते. हब मोटरच्या हॉल सेन्सरचंच उदाहरण घेऊ. चाकातल्या चुंबकांची जागा ओळखण्यासाठी मोटरमध्ये तीन छोटे सेन्सर असतात आणि प्रत्येक जण ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढंच सांगतो. तिघांचे मिळून आठ जोड होतात, पण सेन्सर ज्या अंतरानं बसवलेले असतात, त्यामुळे चाक फिरताना त्यांतले सहाच येऊ शकतात. तिघेही ‘आहे’ किंवा तिघेही ‘नाही’ हे दोन जोड चालत्या मोटरमध्ये अशक्य. कंट्रोलरला त्यांतला एखादा दिसला की तो हॉल सेन्सरची फिर्याद दाखल करतो. सेन्सर जळला, सेन्सरची वायर तुटली, की वायरी जोडणाऱ्या कपलरमध्ये पाणी गेलं, यांतलं काय झालं हे कळायला त्याच्याकडे मार्गच नाही. तिन्हींचा आकडा एकच.

हे शोधायला मात्र फार मोठी यंत्रणा लागत नाही. हब मोटरच्या पोकळ आसातून तीन जाड फेज वायरी आणि पाच बारीक वायरी बाहेर येतात. बारीक पाचांत बहुधा लाल म्हणजे पाच व्होल्टचा पुरवठा, काळी म्हणजे ग्राउंड, आणि पिवळी, हिरवी, निळी या तीन सेन्सरच्या. गाडी स्टँडवर घेऊन चावी लावायची, मल्टिमीटरची काळी प्रोब काळ्या वायरवर ठेवायची, लाल प्रोब कपलरच्या मागच्या बाजूनं पिवळीला लावायची आणि चाक हातानं अगदी सावकाश फिरवायचं. काटा, म्हणजे हल्ली आकडा, शून्याजवळून पाचाजवळ आणि पुन्हा शून्याजवळ असा उड्या मारायला हवा. मग हिरवी, मग निळी. एकच वायर मेल्यासारखी असेल तर दोष त्या सेन्सरमध्ये किंवा त्याच्या वायरीत; ती वायर बहुतेक वेळा आसातून बाहेर पडताना जिथे वळते तिथेच तुटलेली सापडते. अशा गाडीचं लक्षणही ठरलेलं. जागेवरून निघताना थडथडते, आणि पायानं थोडं ढकललं की चालू लागते. तिन्ही वायरी मेलेल्या असतील तर तीन सेन्सर एकदम जळाले असं मानण्याआधी लाल वायर मोजायची. तिथे पाच व्होल्ट नसतील तर गंमत पुढेच आहे. पुष्कळ कंट्रोलरमध्ये हाच पाच व्होल्टचा पुरवठा ॲक्सिलरेटरलाही जातो. मुठीजवळ वायर घासून शॉर्ट झाली की पुरवठा बसतो, हॉल सेन्सर मुके होतात, आणि पडद्यावर येतो मोटरचा कोड. दोष हँडलमध्ये, फिर्याद मागच्या चाकावर. कोडवर विसंबून मोटर बदलणारा माणूस नवी मोटर बसवूनही तिथेच उभा राहतो.

तापमानाच्या कोडचीही अशीच गफलत होते. बॅटरी पॅकमधला थर्मिस्टर थंडीत जास्त रोध दाखवतो. त्याची वायर तुटली तर रोध अमर्याद होतो, आणि बॅटरीवर पहारा ठेवणाऱ्या सर्किटला, म्हणजे साध्या बनावटीच्या बीएमएसला, वाटतं की बॅटरी गोठली आहे. शून्याखाली लिथियम सेल चार्ज करणं घातक, म्हणून तो चार्जिंग बंद पाडतो. मे महिन्यातल्या नागपुरात ‘बॅटरी फार थंड’ असा कोड बघून ग्राहक हसेल, पण बीएमएसनं आपल्या समजुतीप्रमाणे योग्य तेच केलेलं असतं.

सगळ्यात जास्त फसवणारा कोड कमी व्होल्टेजचा. तो आला की ‘बॅटरी गेली’ हे वाक्य इतक्या सहज उच्चारलं जातं, की ग्राहक गाडीतल्या सर्वांत महाग भागाचा खर्च मनात धरूनच घरी जातो. वास्तविक हा व्होल्टेज कंट्रोलर आपल्या दाराशी मोजतो, बॅटरीच्या टोकाशी नव्हे. मधल्या रस्त्यात जाड वायरी, कपलर, फ्यूज, एमसीबी असं बरंच काही असतं. समजा एखाद्या कपलरची पिन सैल होऊन किंवा कार्बन धरून तिथे ०.०५ ओहम एवढा रोध तयार झाला. गाडी उभी असताना करंट जवळजवळ नसतो, तेव्हा मीटरवर सगळं ठणठणीत दिसतं. चढावर ४० अँपिअर ओढले की त्याच जागी दोन व्होल्ट गळतात आणि ८० वॅट उष्णता तयार होते. एवढ्या उष्णतेनं कपलरचं प्लॅस्टिक पिवळं पडतं, मग तपकिरी, मग मऊ होऊन पिना आणखी सैल होतात. निम्म्यावर आलेल्या बॅटरीला हे दोन व्होल्ट कंट्रोलरच्या मर्यादेखाली ढकलायला पुरेसे असतात. म्हणून मोजायचं ते गाडी ओढत असताना, बॅटरीच्या टोकाशी आणि कंट्रोलरच्या टोकाशी एकाच वेळी. दोन आकड्यांत फरक पडला तर दोष रस्त्यात. नाही पडला तर पॅककडे वळायचं.

पॅकमध्येही एकूण व्होल्टेज पुरेसं बोलत नाही. पुष्कळ पॅकमध्ये लिथियम आयर्न फॉस्फेटचे सेल एकामागे एक जोडलेले असतात आणि साखळी तुटते ती सर्वांत कमजोर सेलवर. भार आला की तो एकटा कोसळतो, बीएमएस पुरवठा तोडतो, गाडी रस्त्यात थांबते. पाच मिनिटांनी सेल सावरतो आणि गाडी सुरू होते. सर्व्हिस सेंटरमध्ये पोचेपर्यंत सगळं आलबेल. शिवाय या रसायनाचा व्होल्टेज चार्जच्या मधल्या पट्ट्यात जवळपास सपाट असतो, त्यामुळे पडद्यावरची टक्केवारी चुकत जाते आणि पंचवीस टक्के शिल्लक दिसत असताना गाडी बंद पडते. अशा वेळी उपयोगी पडते ती गाडी बंद पडली त्या क्षणाची नोंद: प्रत्येक सेलचा व्होल्टेज किती, करंट किती, तापमान किती. पेट्रोल गाड्यांच्या ओबीडी या गाडीतच बसवलेल्या निदान-व्यवस्थेत अशी त्या क्षणाची नोंद कोडसोबत जपली जाते आणि कोणत्याही स्कॅनरवर दिसते. ई-स्कूटरच्या बीएमएसकडे हे आकडे असतात, नाहीतर तो पुरवठा तोडायचा निर्णय घेणार कशावरून? पण मालकाला ते दिसत नाहीत, आणि कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला तर नाहीच नाही.

एकाच वेळी पाच-सहा कोड आले की माणूस घाबरतो, पण ती बहुधा चांगली बातमी असते. बारा व्होल्ट देणारा कन्व्हर्टर क्षणभर बसला, किंवा या भागांचं आपसांतलं बोलणं वाहून नेणाऱ्या कॅन बसच्या दोन वायरींपैकी एकीचा संपर्क गेला, की पडदा, बीएमएस, कंट्रोलर सगळे एकमेकांविरुद्ध तक्रार करतात. सहा भाग एकदम बिघडत नाहीत; त्यांना जोडणारा एकच बिघडतो. वीज बंद करून कॅनच्या दोन वायरींत रोध मोजला, तर दोन्ही टोकांचे १२० ओहमचे दोन रोधक मिळून साधारण ६० यायला हवा. १२० आला तर एक टोक तुटलेलं आहे. आणि कोडच न येता गाडी हलत नसेल, तर साइड स्टँडचा स्विच आणि ब्रेकच्या लिव्हरचा स्विच आधी बघावा. ब्रेक दाबलेला आहे असं कंट्रोलरला वाटत असेल, तर मोटर न फिरवणं हा त्याच्या दृष्टीनं दोष नाहीच.

या सगळ्या प्रकरणांत वारंवार येणारं नाव कपलरचं आहे, आणि आपल्या हवामानात ते येणारच. बॅटरी पॅकवर मिरवली जाणारी आयपी ६७ ची मोहोर एक मीटर खोल पाण्यात अर्ध्या तासाची कसोटी सांगते. ती त्या डब्यापुरती असते. डब्याबाहेरच्या हार्नेसमधले कपलर तिच्यात येत नाहीत, आणि वॉशिंग सेंटरवरच्या जोरदार फवाऱ्याचीही ती कसोटी नव्हे. कोल्हापूरचा जुलै किंवा मालवणची खारी हवा तांब्यावर हिरवी पूड जमवते, आणि ती पूड मिलिव्होल्टांच्या हिशेबात गाडीला वेड लावते. कपलर उघडणं, पिना साफ करणं, कॉन्टॅक्ट क्लीनर मारणं, सैल थिंबल पुन्हा दाबणं ही कामं आपल्याकडच्या ऑटो इलेक्ट्रिशियनच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्याला फक्त कोणता कपलर उघडायचा ते कळायला हवं.

ते कळत नाही म्हणून काय होतं? कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये कोड वाचला जातो आणि कोडमध्ये ज्या भागाचं नाव आहे तो अख्खा बदलला जातो. वॉरंटीत असेल तर भाग येईपर्यंत गाडी पडून, वॉरंटी संपली असेल तर बिल पाहून मालक पडून. अक्कलकोटच्या माणसाला सोलापूरला, मालवणच्या माणसाला कुडाळला गाडी टेम्पोत घालून न्यायची वेळ येते. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं देशातल्या एका मोठ्या ई-स्कूटर कंपनीला नोटीस दिली, तेव्हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तिच्याविरुद्ध वर्षभरात दहा हजारांहून जास्त तक्रारी आल्या होत्या. त्यांत सर्व्हिसला लागणारा वेळ ही मोठी बाब होती. बहुतेक सगळ्या तक्रारींचं निवारण केल्याचं कंपनीनं कळवलं. ते खरं धरलं तरी एक प्रश्न उरतो: गावात विजेचं काम जाणणारा माणूस हजर असताना इतक्या गाड्यांना एकाच दारात रांग का लावावी लागते?

पेट्रोल गाडीचे कोड खुले झाले ते कंपन्यांच्या उदारपणानं नव्हे. अमेरिकेत १९९६ पासून मोटारींना ओबीडी-२ सक्तीचं झालं, कारण धूर ओकणारी गाडी सरकारला ओळखायची होती. भारतात बीएस-६ या प्रदूषणाच्या नियमांसोबत ओबीडी दुचाकींवर आलं आणि एप्रिल २०२३ पासून त्याचा दुसरा टप्पा लागू झाला, त्याचंही कारण प्रदूषणच. विजेची स्कूटर धूर सोडत नाही, म्हणून या नियमाच्या तावडीतून ती अलगद निसटली. जिच्यात सगळ्यात जास्त इलेक्ट्रॉनिक्स, तिच्यावरच निदानाची सक्ती नाही, हा उलटा न्याय कुणी ठरवून केलेला नाही. नियमाचा हेतूच वेगळा होता. पण स्पर्धेच्या अंगानं हा मुद्दा आपल्याकडे एकदा तपासला गेला आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं चौदा मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींवर दंड ठोठावला. सुटे भाग आणि निदानाची साधनं बाहेरच्या गॅरेजांना न देणं हा स्पर्धेला मारक व्यवहार आहे, असं आयोगाचं म्हणणं होतं. दंडाचं प्रकरण पुढे अपिलात गेलं, परंतु त्या आदेशातला तर्क ई-स्कूटरला जसाच्या तसा लागू पडतो. ग्राहक व्यवहार विभागानं २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच डिसेंबरात पोर्टल सुरू केलं. वाहन क्षेत्र त्यात आहे. तरी पोर्टलवर कंपनीनं स्वखुशीनं दिलेली माहितीपुस्तिका आणि कायद्यानं मागितलेला कोडांचा तक्ता, यांत फरक राहतोच.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप सुरक्षिततेचा. पन्नास ते सत्तर व्होल्ट डीसी, लिथियमचे सेल, बंद केल्यावरही भरलेले राहणारे कंट्रोलरमधले कपॅसिटर. इथे अर्धवट माणसानं हात घातला तर आग लागेल, असं कंपन्या सांगतात. यातला धोका खरा आहे. डीसीची ठिणगी एसीसारखी सेकंदाला शंभर वेळा शून्यावरून जात नाही, त्यामुळे ती पेटली की लवकर विझत नाही, आणि पॅक उघडणं हे काम प्रशिक्षणाशिवाय कुणी करू नये. परंतु वर आलेली बहुतेक उदाहरणं पाच आणि बारा व्होल्टच्या वायरींची, किंवा पॅकबाहेरच्या कपलरची आहेत. शिवाय माहिती झाकल्यानं हात थांबत नाहीत. गाडीचा पुरवठा मध्येच का तुटतो हे कळत नाही, ग्राहक घाईत असतो, तेव्हा मेकॅनिक बीएमएसच बायपास करून देतो. गाडी धावते, ग्राहक खूश, आणि कमजोर सेलला वाचवणारा एकमेव पहारेकरी बाहेर काढलेला असतो. सेलचे आकडे डोळ्यांसमोर असते, तर हा उपाय किती घातक आहे हे त्याच मेकॅनिकला दिसलं असतं. सुरक्षिततेचा मुद्दा मांडायचाच, तर तो माहिती खुली करण्याच्या बाजूनं जास्त भक्कम उभा राहतो.

दुसरा आक्षेप छेडछाडीचा: कोड खुले केले की लोक वेगमर्यादा काढतील, वॉरंटीत लबाडी करतील, कंपनीचं सॉफ्टवेअर चोरीला जाईल. इथे वाचणं आणि लिहिणं या दोन गोष्टींची सरमिसळ केली जाते. कोडचा अर्थ आणि त्या क्षणाची नोंद वाचायला द्यायची, कंट्रोलरचा प्रोग्राम बदलायची परवानगी द्यायची नाही, ही व्यवस्था तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. मोटारींत ती चालते. १८ म्हणजे हॉल सेन्सर हे कळल्यानं कुणाचं व्यापारी गुपित फुटत नाही. आणि वॉरंटीतल्या लबाडीला खरा आळा नोंदीच घालतात, मात्र त्या दोन्ही पक्षांना दिसल्या तर. आज त्या फक्त एका पक्षाकडे आहेत आणि तोच पक्ष दावा फेटाळतो.

तिसरा आक्षेप आधुनिक आहे: गाडी सतत कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेली असते, दोष दूरवरूनच कळतात, अपडेट हवेतून येतं, मग मेकॅनिक हवाच कशाला? अपडेटनं काही दोष खरोखर जातात. सेन्सरच्या वाचनाची मर्यादा फार घट्ट ठेवल्यानं येणारे खोटे कोड सैल करता येतात. मात्र अपडेटनं कपलर वाळत नाही. आणि कंपनीला दूरवरून सगळं दिसत असेल, तर तेच मालकाच्या फोनवर दिसायला आडकाठी कसली, याचं उत्तर या आक्षेपात नाही.

युरोपीय संघानं २०२३ च्या बॅटरी नियमावलीत ही अडचण ओळखली आहे. स्कूटर-सायकलींसारख्या हलक्या वाहनांच्या बॅटरीची तब्येत दाखवणारी माहिती बीएमएसमध्ये असावी आणि ती विकत घेणाऱ्याला, स्वतंत्र व्यावसायिकांनाही, वाचण्यापुरती खुली असावी, असं तिथे ठरलं आहे. फेब्रुवारी २०२७ पासून अशी बॅटरी स्वतंत्र कारागिराला काढून बदलता आली पाहिजे. कॅलिफोर्नियानं विजेच्या मोटारींसाठी २०२६ च्या मॉडेलांपासून निदानाच्या माहितीचं प्रमाणीकरण मागितलं आहे, दुचाकी मात्र त्यात नाहीत. म्हणजे दुचाकींसाठी सामाईक कोडांचा तक्ता करायचा तर पुढाकार जिथे दुचाकी मोठ्या संख्येनं आहेत तिथूनच यायला हवा. तो येऊ शकतो याचा दाखलाही आपल्याकडेच आहे. २६ मार्च २०२२ रोजी पुण्यात लोहगावला भर रस्त्यात एक ई-स्कूटर पेटली, त्या उन्हाळ्यात देशात इतरत्रही आगी लागल्या, समिती बसली, आणि एआयएस-१५६ या वाहन-प्रमाणकात बॅटरीच्या सुरक्षिततेच्या कडक दुरुस्त्या होऊन त्या त्याच डिसेंबरपासून आणि पुढच्या मार्चअखेरीस अशा दोन टप्प्यांत लागूही झाल्या. वर्षभरात एवढं होऊ शकलं. ही प्रमाणकं पुण्यातच, वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेतून प्रसिद्ध होतात. त्यांत आणखी एक दुरुस्ती मागायची: सीटखाली फक्त वाचण्यापुरता एक ठरावीक कपलर, मुख्य दोषांना सर्व कंपन्यांत एकच आकडा, कोडसोबत त्या क्षणाच्या व्होल्टेज, करंट आणि तापमानाची नोंद, आणि हार्नेसचा नकाशा मराठीसह भारतीय भाषांत. एवढं झालं तरी २५० वॅट आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या स्कूटरी बाहेर राहतील, कारण कायद्याच्या लेखी ती मोटार वाहनंच नाहीत. त्यांच्या कंट्रोलरवरचा दिवा किती वेळा लुकलुकला की काय समजायचं, हे सांगणारा कागद खोक्यात घालायची सक्ती ग्राहक संरक्षण कायद्याच्या वाटेनंच करावी लागेल.